मास्तर, पक्कड आहे का?

आमच्या न्हाणीघरातला नळ दसऱ्यापासून गळत होता. दसऱ्याला त्याचे सुटे सुटे थेंब पडत. दिवाळीला त्यांनी ताल धरला आणि संक्रांतीपर्यंत धार लागली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी मात्रा मोजत असे आणि सौभाग्यवती बादल्या मोजत असे. शेवटी "एक तर हा नळ दुरुस्त होईल, नाही तर मी माहेरी जाईन," असा निर्वाणीचा खलिता आला. आता तिचं माहेर दौंडला, म्हणजे काही फार लांब नाही. पण शिरूरहून न्हावरे, चौफुला असं करत दौंड गाठायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, आणि तेवढ्या अवधीत शिरूरमध्ये एक माणूस उपाशी राहतो. मी प्लंबर बोलावला.

प्लंबर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल, खिशात कंगवा. याखेरीज त्याच्याजवळ काहीही नव्हतं. एखादा मंत्री पूरग्रस्त भागाची पाहणी करतो त्या थाटात त्याने नळाची पाहणी केली, मान हलवली आणि म्हणाला, "मास्तर, पक्कड आहे का?"

पक्कड होती. वडिलांच्या वेळची. दिली.

"पाना?" शेजारून आणला. "स्क्रू ड्रायव्हर?" शिलाईच्या मशीनचा होता, तो लहान पडला. म्हणून स्वयंपाकघरातली सुरी दिली. ती वाकली. मग सुतळी झाली, चिंधी झाली. त्याने खोबरेल तेल मागितलं तेव्हा मला वाटलं, हा आता अंघोळच उरकून घेणार. तेवढ्यात तो म्हणाला, "वरच्या टाकीची तोटी बघायला लागेल. शिडी आहे का?" शिडी आणली. "जरा धरता का?" धरली. पाऊण तास तो वर काय करत होता ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली शिडी धरून उभा होतो. खाली उतरल्यावर त्याने माझ्याच फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "पाचशे झाले."

"अरे, हत्यारं माझी, चिंधी माझी, निम्मी मेहनत माझी. मग पाचशे कसले?"

"व्हिजिटचे," तो म्हणाला.

तो गेल्यावर ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही उद्यापासून त्याच्याबरोबर जात जा. हत्यारांची पिशवी धरायला माणूस लागत असेल त्याला."

"पण त्याच्याजवळ पिशवीच नाही."

"तेच म्हणते मी. पिशवीसुद्धा आपली."

त्या क्षणी माझ्या अंतःकरणात एका सिद्धान्ताचा जन्म झाला. थोर सिद्धान्त असेच पाचशे रुपये गेल्यावर जन्माला येतात. सिद्धान्त असा : ज्याचं काम त्याचं हत्यार. कारागिराने आपापली हत्यारं घेऊनच उंबरा ओलांडावा. नसतील तर बाहेरच्या बाहेर चालतं व्हावं.

घोडनदीच्या पुलाकडे रोज सकाळी फिरायला जाणारं आमचं निवृत्तांचं एक मंडळ आहे. तिथं मी हा विषय मांडला आणि मला पूर्वी कधीही मिळाला नव्हता एवढा पाठिंबा मिळाला. एकाचा हातोडा सुतार घेऊन गेला होता तो अजून यायचा होता. एकाच्या घरी रंगाऱ्याने जेवणाच्या टेबलाची घोडी केली होती. मी मग जोरात आलो आणि जुन्या काळावर घसरलो. आमच्या लहानपणी न्हावी यायचा तो काखेत धोकटी मारून. वस्तरा, कातर, चिमटा, वाटी, आरसा, सगळी त्याची माया त्या धोकटीत. सुतार दारात बसला की वाकस त्याचा, पटाशी त्याची, रंधा त्याचा. त्याच्या वाकसाला पोराने हात लावला तर तो बापाचं नातं विसरून ओरडायचा. बलुतेदारीत लाकूड कुणब्याचं आणि वाकस सुताराचा, लोखंड कुणब्याचं आणि घण लोहाराचा, अशी सरळ वाटणी होती. हत्यार ही कारागिराची अब्रू होती! खंडेनवमीला तो तिची पूजा करायचा! आणि आजचा हा कारागीर? कंगवा घेऊन येतो!

एवढं बोलल्यावर मंडळातले एक जण हळूच म्हणाले, "पण मास्तर, फाळ पाजवायला गेलं की लोहार घण मारायला कुणब्यालाच लावायचा. शिडी धरल्यासारखंच ते." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. भर सभेत असा एक माणूस असतोच.

पुढच्याच आठवड्यात हळदीकुंकवाच्या निमित्ताने आम्ही दौंडला गेलो. नळ दुरुस्त झाला तरी ही माहेरी गेलीच, एवढाच फरक की मला बरोबर घेऊन गेली. तिथं आमचे थोरले मेहुणे नाना असतात. नानांची सारी नोकरी रेल्वेत गेली, गार्ड म्हणून. २०२२ साली रेल्वेने गार्डाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा नानांना आपण चार वर्षं उशिरा जन्माला यायला हवं होतं असं वाटलं होतं. जेवणं झाल्यावर मी त्यांना माझा सिद्धान्त ऐकवला. नानांनी सुपारी कातरता कातरता तो पूर्ण ऐकून घेतला. रेल्वेचा माणूस समोरची गाडी पूर्ण फलाटाला लागल्याशिवाय बोलत नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "माझी पेटी तुम्ही पाहिली होतीत ना?"

पाहिली होती. लोखंडी, काळी, पांढऱ्या अक्षरांची.

"तिच्यात दोन झेंडे, दिवा, रुळावर ठेवायचे फटाके आणि औषधांचा डबा. शिट्टी गळ्यात. सगळं रेल्वेचं. ती पेटी उचलून डब्यात ठेवायला माणूस, तोही रेल्वेचा. आता तुमच्या सिद्धान्ताप्रमाणे रेल्वेने सांगितलं, की ज्याने त्याने आपापले झेंडे घरून आणावेत. बरं. मग तुमच्या वहिनी मला काय देणार? हिरवा म्हणून जुन्या परकराचा तुकडा आणि तांबडा म्हणून धुऊन धुऊन गुलाबी झालेलं फडकं. मी ते गुलाबी फडकं हलवलं की ड्रायव्हरने काय करायचं? थांबायचं, का नुसतं लाजायचं?"

आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मी म्हणालो, "नाना, रेल्वेचं वेगळं आहे."

"वेगळं काय? तुम्ही एवढी वर्षं शाळेत शिकवलंत. पदरचा खडू किती वेळा नेलात?"

मी विचार करू लागलो. खडू शाळेचा. डस्टर शाळेचा. नकाशे, पृथ्वीचा गोल, हजेरीपट, पेपर तपासायची तांबडी शाई, सगळं शाळेचं. मी घरून फक्त डबा नेत असे. पण मग एकाएकी मला छडी आठवली. छडी शाळेची नव्हती. "जा रे, निरगुडीची चांगली फोक तोडून आण," असं म्हटलं की तो पोरगा पळत जाऊन ती आणत असे, आणि पहिली त्याच्याच हातावर बसत असे. म्हणजे हत्याराचा खर्च ज्याच्यावर ते चालायचं त्याच्याकडून वसूल करण्याची पद्धत मी स्वतः बरीच वर्षं राबवली होती. हे मी नानांना सांगितलं नाही. ते आज वाचकांनाच प्रथम सांगतो आहे.

परतताना नानांच्या मुलाने आपल्या मोटारीने पोचवण्याचा आग्रह धरला. हा आमचा भाचा पुण्यात एका ॲपवाल्या कंपनीची टॅक्सी चालवतो. वाटेत मी त्याला सहज विचारलं, "मोटार कंपनीची का?" तो हसला. मोटार त्याची, तिचा हप्ता त्याचा, इंधन त्याचं, टायर त्याचे, ज्याच्यावर हुकूम येतात तो मोबाईलही त्याचाच. कंपनीचं काय? तर कंपनी त्याला 'भागीदार' म्हणते. बापाला रेल्वेने साधी शिट्टी फुंकायलासुद्धा पदरमोड करू दिली नाही, आणि मुलगा अख्खी मोटार घेऊन कामाला जातो. याला नानांच्या घराण्याची प्रगती म्हणायचं की काय, याचा मी विचार करत असतानाच चौफुल्याच्या पुढे टायर बसला. जॅकही भाच्याचाच होता. भागीदार जॅक फिरवू लागला, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उसाच्या फडापाशी उभे राहिलो.

दौंड आणि शिरूर तालुक्यांत भीमेच्या आणि घोडनदीच्या पाण्यावर ऊस मातलेला असतो. हंगामात तो तोडायला बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येतात, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, रस्त्यात उसाची गाडी आडवी आली की मी चडफडत असे, तेवढं माहीत होतं. त्या दिवशी फडाच्या कडेला एक बाई बसून कोयत्याला कानस लावत होती. जवळच पाचटावर एक लहान पोर निजलं होतं. बाईच्या अंगठ्याला चिंधी बांधली होती.

आमच्या हिला कुठंही बोलायला माणूस लागतो. तिने विचारलं, "बाई, हा कोयता कारखाना देतो का हो?"

बाई मनापासून हसली. "कारखाना कशाला दील? कारखाना ऊस नेतो. कोयता आमचा, कानस आमची."

"किती जण आहात?"

"मुकादमानं पंधरा कोयते आणलेत."

हिने फडात नजर फिरवली. "माणसं तर तीसएक दिसतात."

"तीसच हायत की माय. नवरा-बायकू मिळून एक कोयता. एकटं असलं तर अर्धा कोयता."

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. भागावरून अख्ख्याचा बोध होतो ती लक्षणा, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल. पण दोन जित्या माणसांची मिळून एक संख्या होते आणि ती संख्या त्यांनीच विकत घेतलेल्या हत्याराची असते, हे उदाहरण माझ्या कुठल्याही व्याकरणात नव्हतं. नाना पेटीच्या मागून चालत, पण रेल्वेने त्यांना कधी 'अर्धी पेटी' म्हटलं नाही.

"अंगठ्याला काय झालं?" हिने विचारलं.

"निसटला कोयता. दवाखान्यात गेलं की खाडा पडतो," असं म्हणून ती उठली आणि मोळी बांधायला गेली. खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि ती फुकट पडत नाही, तिचे पैसे कापले जातात. मी माझी प्लंबरला दिलेली चिंधी आठवली आणि का कोण जाणे, पुढच्या सगळ्या वाटेत मी एक शब्द बोललो नाही. हिला वाटलं, मला गाडी लागली.

घरी आल्यावर मी कायद्याची पुस्तकं काढून बसलो. निवृत्त शिक्षकाला राग आला की तो वाचायला बसतो. तर वाचकहो, ज्या प्रश्नावर आम्ही घोडनदीच्या पुलावर आठवडाभर घसा कोरडा केला त्याचं उत्तर साहेबाच्या राज्यातच दिलेलं होतं! १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात, मालकाने पुरवलेल्या सेवांबद्दल पगारातून काय कापता येईल हे सांगताना साफ म्हटलं होतं, की कामासाठी लागणारी हत्यारं आणि कच्चा माल पुरवणं याला 'सेवा' म्हणता येणार नाही. म्हणजे हत्यार दिलं आणि त्याचे पैसे कापले, हा मामला बंद. १९४८ च्या कारखाना कायद्यात वेगळं कलम होतं, की कायद्याप्रमाणे द्यायच्या साधनांबद्दल कामगाराकडून छदामही घ्यायचा नाही. हे दोन्ही जुने कायदे २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितांत जमा झाले, पण हत्यारांचं ते वाक्य वेतनसंहितेत शाबूत उतरलं आहे. आमच्या तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत शेजाऱ्यांचा मुलगा कामाला जातो. त्याच्या डोक्यावरची टोपी, पायातले बूट, डोळ्यांवरचा चष्मा, सगळं कंपनीचं.

मग ती बाई कुठं राहिली? ती फाटकाच्या बाहेर राहिली. कारखान्याला विचाराल तर तो म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादमाला विचाराल तर तो म्हणतो, मी तर मधला माणूस, उचल वाटली आणि टोळी आणली. म्हणजे मालक शोधायला गेलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि कोयता मात्र त्या बाईच्या हातात दिसतो, सबब तो तिचा! सरकारनेही हत्यारं वाटायला काढली आहेत, नाही असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसायांचे कारागीर आहेत आणि हत्यारांसाठी प्रत्येकी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. त्या अठरांत कोयता घडवणारा लोहार आहे. कोयता चालवणारी बाई नाही.

तेव्हा मी माझा पाचशे रुपयांचा सिद्धान्त मागं घेतो आणि त्याच्या जागी दुसरा मांडतो. 'ज्याचं काम त्याचं हत्यार' हे चूक. खरा नियम असा : जो भाव सांगतो, त्याने हत्यार आणावं.

प्लंबर भाव सांगतो. पाचशे म्हणतो, आणि मी मुकाट्याने देतो. त्याने त्यात पकडीचे पैसे धरावेत आणि पक्कड आणावी. जुना सुतारही आपल्या बलुत्यासाठी खळ्यावर भांडू शकत असे, म्हणून वाकस त्याचा. पण त्या बाईला भाव कोणी विचारला? टनाचा दर पुण्यात बसून साखर कारखान्यांचा संघ आणि संघटनांचे पुढारी ठरवतात. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी तो चौतीस टक्क्यांनी वाढवला, चांगलं केलं. पण फडातली बाई "मला परवडत नाही, दुसरं गिऱ्हाईक बघा," असं कुणाला म्हणणार? उचल तर घर सोडायच्या आधीच घेतलेली. तेव्हा जे भाव सांगतात त्यांनीच कोयता, कानस, हातमोजे आणि बूट द्यावेत. आमच्या भाच्याचं भाडंही त्याच्या कंपनीचा मोबाईलच सांगतो. भाच्याला हा नियम इतका आवडला, की तो फोनवर पाच मिनिटं माझ्याशी स्वखर्चाने बोलला.

आता यावर पुलावरच्या मंडळात आक्षेप आलेच. एक म्हणाले, कोयता म्हणजे काय, काही शे रुपयांची चीज, तिच्यावरून एवढा गहजब कशाला? मी म्हणालो, अगदी बरोबर! एवढीशी चीज आहे तर ज्याच्याकडे टनांनी साखर निघते त्यानेच ती द्यावी. जिची मजुरी आधीच उचलीत बुडाली आहे तिने का? दुसरे म्हणाले, आयत्या मिळालेल्या हत्याराची किंमत राहत नाही. त्यांना मी नानांचा झेंडा दाखवला. साऱ्या नोकरीत नानांनी एक झेंडा हरवला नाही; छत्र्या मात्र स्वतःच्या पैशांच्या, आणि त्या सगळ्या हरवल्या.

पण तिसरा आक्षेप खरा होता, आणि तो फाळ-घणवाल्या त्याच गृहस्थांनी काढला. ते म्हणाले, "मास्तर, दुसऱ्याने दिलेलं हत्यार हाताला बसत नाही. मालक घाऊक घेणार आणि स्वस्तातलं घेणार. तुमचे शाळेचे खडू आठवा." मला आठवले. त्यांतला निम्मा डबा आधीच मोडलेला असे आणि उरलेला फळ्यावर रेघोट्या काढी. कोयत्याचं वजन, त्याची मूठ ही ज्याच्या त्याच्या मनगटाची गोष्ट आहे. म्हणून माझ्या नियमाला मी त्यांच्या सन्मानार्थ एक पोटकलम जोडलं : निवड काम करणाराची, बिल भाव सांगणाराचं.

हे सगळं मी रात्री जेवताना हिला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं. तिने आमटी वाढली आणि म्हणाली, "आपल्या भांडीवाल्या मावशींचा भाव कोण सांगतं?"

मी जरा विचार करून म्हणालो, "तू."

"आपण दोघं. मग साबण कुणी आणायचा?"

"आणतोच की आपण."

"आणतो. आपल्याला हात धुवायला चंदनाचा, आणि मावशींना भांड्यांना सगळ्यात स्वस्त पावडर. त्यांचे हात पाहिलेत कधी?"

पाहिले नव्हते. एवढी वर्षं भांडी मात्र स्वच्छ पाहिली होती. दुसऱ्या दिवशी मी तडक बाजारात जाऊन रबरी हातमोजे घेऊन आलो. मावशींनी ते घालून पाहिले आणि म्हणाल्या, "मास्तर, ह्यात माझी दोनच बोटं जातात." पोटकलम मी स्वतःच मोडलं होतं. मग ही त्यांना घेऊन दुकानात गेली. त्यांनी चार जोड घालून पाहिले, साबण हुंगून पाहिला, घासणी दोन बोटांत पिळून पाहिली, आणि पसंतीचं सामान घेऊन आल्या. बिल माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं गेलं.

शिमग्याच्या सुमारास नळ पुन्हा गळू लागला. मी प्लंबरला फोनवरच बजावलं, "हे बघ, पक्कड नाही, पाना नाही, सुरीसुद्धा नाही. आपली हत्यारं घेऊन ये." तो आला तो खांद्याला कोरी करकरीत पिशवी लावून. पक्कड, पाने, दोऱ्याची रिळं, सगळं त्यात होतं. फक्त शिडी त्याने मागितली. ती मी आनंदाने दिली, कारण पक्कड हाताची असते, पण शिडी भिंतीची असते आणि भिंत माझी होती. वीस मिनिटांत काम झालं. तो म्हणाला, "सातशे झाले."

"अरे, मागच्या वेळी पाचशे होते!"

"मास्तर," तो पिशवीवर थाप मारून म्हणाला, "आता हत्यारं माझी आहेत ना!"

मी निमूटपणे सातशे मोजले. हे एवढं वाक्य ज्याला म्हणता येतं आणि म्हटल्यावर पैसे मिळतात, त्याने खुशाल स्वतःची हत्यारं बाळगावीत. चौफुल्याच्या पुढच्या फडातल्या त्या बाईने हेच वाक्य कुणापुढे म्हणायचं, एवढं कुणीतरी मला सांगावं.

"सांगतील नंतर," ही आतून म्हणाली. "आधी ती शिडी जागेवर ठेवा."